आधी बोलायला लागू दे, मग या

प्रश्न: माझा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे. अडीच वर्षांचा असताना पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझमचं निदान केलं. मोजके शब्द बोलतो, टीव्हीवरच्या जाहिराती मात्र सुरात म्हणतो. मिक्सर लावला किंवा कुकरची शिट्टी झाली की कान झाकतो. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी चालू आहे. जूनमध्ये घराजवळच्या इंग्रजी शाळेच्या नर्सरीत घातलं. तीन आठवड्यांनी त्यांनी बोलावून सांगितलं, ‘तो बसत नाही, ऐकत नाही. आधी बोलायला लागू दे, मग पुढच्या वर्षी या. नाहीतर तुमच्या खर्चाने, वर्गात त्याच्या शेजारी बसायला शॅडो टीचर आणा.’ यजमान म्हणतात वर्षभर थांबू. सासूबाई म्हणतात विशेष शाळेत घाला, तिथे कुणी चिडवणार तरी नाही. मैत्रीण म्हणते दुसऱ्या शाळेत निदानाचं सांगूच नको. मी काय करू? ता. क. शाळेने घरी फक्त इंग्रजीत बोलायला सांगितलं होतं. आम्ही प्रयत्न करतोय, पण सासूबाईंना जमत नाही.
एक आई, सांगली

ताई,

वर्षभर थांबू नका. तुमच्या यजमानांचा हेतू मी समजू शकते. पहिल्याच शाळेने तीन आठवड्यांत परत पाठवल्यावर पुन्हा तो अपमान नको असं कुणालाही वाटेल. पण शाळेने घातलेली अट नीट वाचा. बोलणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, चार मुलांत बसणं, हे शिकायलाच मूल बालवाडीत जातं. तेच आधी शिकून या म्हणायचं, तर मग बाईंनी करायचं काय?

थेरपीतून तो तयार होईल आणि मग शाळेत जाईल, हा हिशेबही तितकासा जुळत नाही. बंद खोलीत, समोर एकच मोठं माणूस असताना ‘दे’ म्हणायला शिकलेलं मूल वीस मुलांच्या गलक्यात आपोआप ‘दे’ म्हणत नाही. ऑटिझम असलेल्या मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं विशेष अवघड जातं. त्यामुळे जिथे ते वापरायचं आहे, तिथेच त्याला थोडं थोडं ते करायला मिळालं पाहिजे. थेरपी चालू ठेवाच, पण शाळेच्या जोडीला.

थांबू नका म्हणजे उद्याच कुठेतरी चार तास बसवा, असं मात्र मी म्हणत नाही. माझ्या मते दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात करावी. जून-जुलैत प्रत्येक शिशुवर्गात रडारड असते. नवी मुलं, नव्या मावशी, दारात अडकलेल्या आया. दिवाळीनंतर वर्ग स्थिरावलेला असतो, बाईंना मुलांची नावं आणि खोड्या पाठ झालेल्या असतात, एका नव्या मुलाकडे बघायला त्यांना सवड मिळते. फक्त स्नेहसंमेलन कधी आहे ते विचारून घ्या. त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे सकाळपासून स्पीकरवर गाणी वाजत असतात, आणि कान झाकणाऱ्या मुलाची शाळेशी पहिली ओळख त्या दिवसांत व्हायला नको.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही शाळा शोधताय, तर तसं न करता बाई शोधा. मी बरीच वर्षं बालवाडीत काढली आहेत आणि माझं मत पक्कं आहे: या वयात समावेशक शाळा, म्हणजे अशा मुलालाही सगळ्यांबरोबर सामावून घेणारी शाळा, असं काही नसतं, समावेशक बाई असते. पाटीवर ‘इन्क्लुझिव’ लिहिलेल्या शाळेत एखादं मूल वर्षभर मागच्या कोपऱ्यात एकटं ठोकळे लावत बसलेलं असतं, आणि पत्र्याच्या दोन खोल्यांच्या बालवाडीत तसंच मूल सगळ्यांच्या मधोमध हातात टाळ घेऊन उभं असतं.

बाई ओळखायची कशी? वर्ग चालू असताना तासभर बसू द्या अशी विनंती करा. जी शाळा पालकाला वर्गाच्या दारापर्यंतसुद्धा येऊ देत नाही, तिचं नाव यादीतून काढून टाका. बसलात की सगळ्यात हुशार मुलाकडे बघू नका, न बसणाऱ्या मुलाकडे बघा. असं एक मूल प्रत्येक वर्गात असतं. बाई त्याचं काय करतात? दंडाला धरून बसवतात, ‘शहाणी मुलं काय करतात?’ असं सगळ्यांसमोर विचारतात, की त्याच्या हातात काहीतरी काम देऊन गोष्ट पुढे चालू ठेवतात? ‘तुम्ही ऑटिझमची मुलं घेता का?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर एक तर घाबरून ‘नाही’ येतं किंवा फीच्या आशेने ‘हो’. त्यापेक्षा विचारा, ‘गेल्या वर्षी कुणी मूल गोलात बसत नव्हतं का? मग काय केलंत?’ एखादी बाई सांगू लागेल, ‘एक होता, त्याला मी रोज हजेरीचा खडू धरायला द्यायचे.’ तिथेच प्रवेश घ्या. आणि एखादी म्हणाली, ‘मला ऑटिझमबद्दल फारसं माहीत नाही, पण तुम्ही सांगा, करून बघू,’ तर तीही चालेल. किंबहुना दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन सगळं कळलंय असं समजणाऱ्या बाईपेक्षा मला ती बरी वाटते.

सोबत काही रूक्ष गोष्टी तपासा. फाटकाला मुलांचा हात पोहोचणार नाही अशी कडी आहे का, कारण अशी काही मुलं संधी मिळाली की रस्त्याकडे पळतात. वर पत्रा आहे का, पावसात आवाज किती होतो. शेजारी दुसरा वर्ग आहे की नुसता पडदा. संडास किती लांब, आणि शू सांगता न येणाऱ्या मुलाला मावशी वेळेवर नेतात का. मुलं किती आणि मोठी माणसं किती. साडेतीन वर्षांची मुलं बाकांवर बसून चार रेघी वहीत ए टू झेड गिरवताना दिसली तर उठून या. तो वर्ग कुठल्याच मुलासाठी बरा नाही, तुमच्या मुलाची अडचण तिथे सर्वांत आधी दिसते एवढंच.

मराठी बालवाड्या आणि अंगणवाड्याही बघा, हे मुद्दाम लिहिते. सुशिक्षित घरांत अंगणवाडी म्हटलं की नाक मुरडलं जातं. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग त्यांनी बालवाडीच उचलून त्या मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी जन्मली ती अशी, न येणाऱ्या मुलाला दोष न देता. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पसरली. २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. विकासातला उशीर लवकर ओळखणं, मुलाला अंगणवाडीतच सामावून घेणं आणि गरज असेल तर पुढे तपासणीला पाठवणं, अशी तिची मांडणी आहे. प्रत्यक्षात सेविकांवर पोषण आहारापासून नोंदवह्यांपर्यंत इतकं काम लादलेलं असतं की सगळीकडे हे होतंय असं समजू नका. पण एखादी जीव लावणारी सेविका तुमच्याच प्रभागात असू शकते. जाऊन भेटायला काय हरकत आहे?

आता मैत्रिणीचा सल्ला. निदान लपवू नका. पहिल्या आठवड्यात बाईंना काहीतरी वेगळं दिसणारच आहे. कारण माहीत नसेल तर त्या आपलं आपण कारण शोधतील, आणि ते बहुधा ‘लाडावलेला आहे’, ‘आईने मोबाईल दाखवून बिघडवला आहे’ असं असेल. शिवाय फाटकाचा आणि रस्त्याचा प्रश्न आहेच. मात्र सांगायचं म्हणजे डॉक्टरांची अख्खी फाइल टेबलावर ठेवायची नाही. त्या फाइलमध्ये त्याला काय काय येत नाही याचीच जंत्री असते आणि ती वाचून कुणालाही धडकी भरेल. तुम्ही एक पान लिहा. वरती त्याचा हसरा फोटो लावा, आणि मजकूर साधारण असा:

‘मला चाकं, पंखा आणि पाणी फार आवडतं. गाणी पटकन पाठ होतात. मी जाहिरात म्हणू लागलो की समजा मला कंटाळा आला आहे किंवा मी घाबरलो आहे. मोठा आवाज आला की माझे कान दुखतात. घंटा वाजायच्या आधी मला सांगितलंत तर मी कान झाकून घेईन. माझ्याकडे बघ असं म्हणू नका, न बघताही मी ऐकत असतो. एका वेळी एकच गोष्ट सांगा, थोडं थांबा, मग पुन्हा तेच शब्द म्हणा. मी हात हलवतो तेव्हा मला हलवू द्या. मी डब्यात रोज तेच खातो, दुसरं भरवू नका. रडू थांबत नसेल तर मला पाण्याच्या नळाजवळ न्या.’

जाहिरातीचं वाक्य मी अंदाजाने लिहिलंय. तुमचा लेक कुठली जाहिरात कधी म्हणतो ते आठवडाभर टिपून ठेवा. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं बऱ्याचदा निरर्थक नसतं, त्याचा काही ना काही उपयोग ते मूल करत असतं, आणि तो तुमच्याइतका दुसऱ्या कुणाला कळणार नाही. या पानाची एक प्रत बाईंना द्या, एक मावशींना आणि एक रिक्षावाल्या काकांना. मावशींची प्रत विसरू नका. शिशुवर्गात मुलाच्या दिवसाचा कठीण भाग, म्हणजे शू, डबा, चपला, रडणं, बहुतेक मावशींच्याच हातात असतो.

सुरुवात एका तासाने करा, आणि तो तास त्याच्या आवडीचा मागून घ्या. वाळू, पाणी, गाणी, जे काही असेल ते. प्रार्थनेच्या रांगेपासून दिवस सुरू झालाच पाहिजे असा काही नियम नाही. त्याआधी सुट्टीच्या दिवशी रिकाम्या वर्गात त्याला फिरवून आणा. फाटक, बाई, वर्ग, संडास, परत न्यायला आलेली आई असे फोटो काढून ओळीने चिकटवा आणि रोज सकाळी दाखवा. आता काय आणि नंतर काय हे डोळ्यांना दिसलं की अशा मुलांची निम्मी धास्ती कमी होते. तो थकून कोसळायच्या आधी घरी आणा. पहिले काही दिवस हसत बाहेर पडला तर वेळ वाढवायला बाईच पुढे येतात.

शॅडो टीचरबद्दल मी जरा सावध आहे. ती जागा बरेचदा भिंतीचं काम करते. सतत एक मोठं माणूस बाजूला चिकटून असलं की बाकीची मुलं जवळ येत नाहीत, आणि बाईही नकळत म्हणतात, ‘त्याच्या ताई बघतील.’ मूल वर्गात असतं, पण वर्गाचं होत नाही. शाळेला सांगून पाहा की आहे त्याच मावशींना तुमची थेरपिस्ट येऊन दोन गोष्टी दाखवेल. जादा माणूस लागणारच असेल तर ते सगळ्या वर्गाचं मदतनीस असू दे, आणि हळूहळू त्याच्यापासून लांब कसं सरकायचं ते आधीच ठरवा. अपवाद पळून जाण्याचा. तो धोका खरा असेल तर पहिल्या महिन्यांत सोबत माणूस हवंच, तिथे तत्त्व गुंडाळून ठेवा.

कायद्याचं थोडक्यात सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे. या कायद्याच्या कलम १६ नुसार शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि समावेशक शिक्षण पुरवायचं आहे. गोम अशी की बंगल्याच्या तळमजल्यावर चालणाऱ्या प्लेग्रुपकडे बहुधा अशी मान्यताच नसते, आणि कलम ३१ मधला मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वयाचा आहे. म्हणजे तुमच्या लेकाच्या आजच्या वयाला कायद्याचा आधार लंगडा आहे. मान्यताप्राप्त शाळेला जोडलेली बालवाडी निवडलीत तर हात बळकट राहतात. तक्रार करायची वेळ आली तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, पुण्याला, दाद मागता येते. पण ज्यांनी मनाविरुद्ध प्रवेश दिला त्यांच्या वर्गात साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला रोज सोडायचं की नाही, याचा विचार आधी करा.

कागदपत्रांचं काम मात्र आत्ताच सुरू करा. शासकीय रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा, अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. लहान वयात प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचं मिळतं, त्याने दचकू नका. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व नोंदलं गेलं तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी तो वंचित गटात येतो, आणि महाराष्ट्रात या गटातल्या दिव्यांग मुलांना उत्पन्नाची अट नाही. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ नावाची एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही बसतो. सांगलीसारख्या ठिकाणी थेरपीचाच खर्च घर खातो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे अशा मुलांची तपासणी आणि थेरपी लवकर सुरू करणारं केंद्र, आहे का, तिथे कोणते थेरपिस्ट बसतात, याचीही चौकशी करा.

सासूबाईंकडे वळते. त्यांची भीती चिडवण्याची आहे आणि तुम्ही ती धुडकावू नका. पण साडेतीन-चार वर्षांची मुलं चिडवत नाहीत, ती विचारतात. ‘हा बोलत का नाही?’ बाईंनी गप्प बसवलं की त्या प्रश्नाची कुजबुज होते. ‘तो बोट दाखवून बोलतो, तूही दाखवून बघ’ एवढं उत्तर त्या वयाला पुरतं, आणि दुसऱ्या दिवशी तीच मुलगी त्याला बोटाने डबा दाखवत असते. चिडवणं पुढे दुसरी-तिसरीत सुरू होतं, तोवर त्याची चार हक्काची माणसं वर्गात झालेली बरी.

विशेष शाळा शत्रू नाही. तिथल्या शिक्षिकांना जे येतं ते बालवाडीच्या बाईंना येत नाही, आणि दोन्हीकडे जाणारी मुलं असतात, सकाळी बालवाडी, दुपारी विशेष शिक्षिका. मी आज तुम्हाला आधी साधी बालवाडी सांगते, कारण पुढे मागे विशेष शाळेत जायची वाट उघडीच राहते, उलट दिशेने येणं आपल्याकडे फार अवघड जातं. पण काही खुणांवर लक्ष ठेवा. झोप उडाली, होते ते शब्द गेले, स्वतःला चावू लागला, शाळेच्या वाटेवर वळताच अंग ताठ करू लागला आणि हे दोन-तीन आठवडे ओसरलं नाही, तर ती जागा चुकली आहे. तिथून त्याला काढून घेणं म्हणजे हार मानणं नव्हे. शेजारणीला काय सांगायचं ते नंतर बघू.

तुमच्यासाठी एक. अशा मुलांच्या पालकांशी बोला. मुंबईत ‘फोरम फॉर ऑटिझम’ हा पालकांचाच गट आहे, ‘उम्मीद’ बाल विकास केंद्र पालकांना आणि शिक्षकांना प्रशिक्षण देतं. सांगली-मिरजेत तुमच्या थेरपिस्टच्या बाकावर वाट बघत बसलेल्या आया आहेतच. कुठल्या बाई कशा आहेत हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आणि तुमचं ता. क. घरी इंग्रजी लगेच बंद करा. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडत नाही, असंच आजवरचे अभ्यास सांगतात. तुमच्या घरात तर ज्या आजी दिवसभर त्याच्याशी सगळ्यात जास्त बोलत असतील, त्यांचंच तोंड या सल्ल्याने बंद झालं. त्यांना पूर्वीसारखं बोलू द्या, ओव्या-बडबडगीतं म्हणू द्या. थेरपिस्टलाही मराठीतच काम करायला सांगा. बोलायला वेळ लागेल तोवर चित्रांची कार्डं वापरा. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांतून बोलायला मदत करणारं मोफत ॲप आहे, त्यात मराठीही आहे. चित्र दाखवायची सवय लागली की मूल बोलणार नाही, ही भीती खोटी आहे. कार्डांवर घरातले शब्द हवेत: पाणी, शू, अजून, आजी, आणि सर्वांत आधी ‘नको’. ते कार्ड शाळेत त्याच्या खिशाला लावून द्या. त्याने ते दाखवलं की पहिले काही आठवडे तरी दरवेळी ऐकायचं, मग नको असलेली गोष्ट प्रार्थना असो की रंगकाम, एवढं बाईंकडून कबूल करून घ्या.